आयर्लंडचं सुतक

आमच्या ओटीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी एका गोऱ्या माणसाची तसबीर होती. कपाळ मोठं, केस विस्कटलेले, गळपट्टा वाकडा, आणि चुलीवर दूध ठेवून बाहेर आलेल्या माणसाला मध्येच ते आठवावं तशी नजर. हा आयर्लंड देशातला फार मोठा कवी. आमच्या ह्यांनी त्याचं चित्र एका विलायती मासिकातून कापून घेतलं, सुताराकडून चौकट करवली आणि खिळा स्वतः ठोकला. खिळ्याचं मुद्दाम लिहिते, कारण आमच्या संसारात ह्यांनी स्वतः ठोकलेला तो एकच खिळा.

हे रत्नागिरीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मी चौथी पास. परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, त्यामुळे शिकलेलं विसरायलासुद्धा सवड मिळाली नाही. शिवाय मी पहिल्यापासून मुखदुर्बळ. परक्या माणसासमोर बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. दारावर कासार आला तर मी माप तोंडाने न सांगता हाताने दाखवी. मग तो समजेल त्या मापाच्या बांगड्या चढवी, आणि मी वर्षभर त्या घट्ट बांगड्या घालून हिंडे.

तसबीर लागली त्या दिवशी सासूबाई माजघरातून बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हा कोण रे?"

"माझे गुरू, आई."

"गळ्यात जानवं दिसत नाही ते?"

"कोटाच्या आत कसं दिसणार?" हे म्हणाले.

सासूबाईंना हे पटलं. "मग सरळ टांग. गुरू वाकडा नको," म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढे गुरुपौर्णिमा आली तेव्हा त्यांनी स्वतः अनंताचं फूल ह्यांच्या हातात दिलं आणि तसबिरीला वाहायला लावलं. हे हसले, पण फूल वाहिलं. मग दर वर्षीचा तो रिवाजच झाला. ह्या फुलाचं पुढे काय होणार आहे हे तेव्हा ह्यांनाही ठाऊक नव्हतं आणि त्या कवीला तर नव्हतंच.

शाळेत ह्यांचं कवीपुराण ऐकायला कोणाला वेळ नसे. हेडमास्तर म्हणे ह्यांना पाहिलं की घड्याळ काढत. तेव्हा तो सगळा साठा घरी येई. दिवेलागणीला मी तांदूळ निवडत बसे, वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, वाती वळत बसत, आणि हे कविता म्हणत. आधी इंग्रजीत, हात वर करून. मग मराठीत अर्थ. मग त्यांनी स्वतः त्याचं वृत्तात बसवलेलं भाषांतर. ते झालं की मला विचारत, "कसं वाटलं?" मी म्हणे, "छान." एकदा माझं लक्ष खड्यांत होतं आणि ह्यांनी नुसता घसा खाकरला, तेवढ्यात मी "छान" म्हणून गेले. त्या दिवशी भाषांतर ऐकवलं नाही. तांदूळ मात्र फार स्वच्छ निवडले गेले.

कविता मला कळत नसत, हे खरंच आहे. कवी मात्र कळे. त्याचा गाव पश्चिमेच्या समुद्रावर, पाऊस आपल्यासारखाच, जमीन खडकाळ, आणि पोटासाठी माणसं बोटीत बसून लांब जात. गावातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसून त्याने जुन्या गोष्टी ऐकल्या आणि लिहून काढल्या. गावाला ते आवडलं नाही; आमची भांडणं वेशीवर टांगली म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं. नंतर त्याचं नाव झालं तेव्हा तोच गाव म्हणू लागला की हा आमचा. हे ऐकताना मला आपल्याच आळीतलं ऐकल्यासारखं वाटे. फक्त एक प्रश्न मला नेहमी पडे आणि मी तो कधी विचारला नाही: लग्न न केलेल्या ह्या माणसाचे ते पांढरे गळपट्टे धुतं कोण?

आता वन्संचं सांगायला हवं. वन्सं उंच आणि सावळ्या. दोन ठिकाणची मंडळी बघून गेली होती. दोघांनीही जाताना "कळवू" म्हटलं होतं आणि कोणीच कळवलं नाही. सासूबाई बोलत नसत, पण वन्संनी ताटावर उशीर केला तरी "आधीच काय कमी आहे" एवढं म्हणत, आणि वन्सं उरलेला भात न जेवता उठत. त्या घरात माझ्याशी मनातलं बोलणारं तेवढंच एक माणूस. मग आंजर्ल्याचं स्थळ आलं. मुलगा मुंबईला गोदीत कारकून. त्याने घरच्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे, की रंगाचं काही नाही, पण मुलगी वाचणारी हवी आणि मुखदुर्बळ नको. हे ऐकून वन्सं माझ्याकडे बघून हसल्या होत्या. बरं झालं, त्या मुलाला मी नव्हते सांगून गेले.

माघ महिना होता. आंजर्ल्याची मंडळी बोटीने निघून दुसऱ्या दिवशी यायची होती. मी मागीलदारी भांडी उटत होते, तोच हे भर दुपारी शाळेतून घरी आले. वाचनालयात मुंबईचं वर्तमानपत्र आलं होतं. चेहरा उतरलेला.

"कवी गेले," एवढंच म्हणाले आणि सरळ विहिरीवर गेले. कोट अंगात, टोपी डोक्यावर. एकामागून एक कळशा ओढून अंगावर ओतून घेतल्या. लांबच्या माणसाची मरणवार्ता आली की नेसत्या वस्त्रांनिशी स्नान करायचं, हे त्यांनी लहानपणी वडिलांना करताना पाहिलेलं. एरवी ह्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दुःख झालं तेव्हा ह्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. काकू वालीचे दाणे वाळत घालत होत्या. त्यांनी विहिरीवर कोटासकट निथळणारे मास्तर पाहिले आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"अगो, कोण गेलं?"

माझी जीभ टाळूला चिकटली. मी नुसता हात समुद्राकडे केला.

"मुंबईचं कोणी?"

मी नकाराची मान हलवली.

"त्याच्याही पलीकडचं?"

मी होकाराची मान हलवली.

"अरेरे. परमुलखात मरण म्हणजे वाईटच," काकू म्हणाल्या. "चूल पेटवू नको हो. उद्याचं पिठलं-भात माझ्याकडून." आणि आळीत सांगायला गेल्या. दोन शब्द बोलले असते तर हे सगळं तिथेच थांबलं असतं. पण ते दोन शब्द कोणते, हे मला अजून सुचलेलं नाही. "कवी वारला" म्हटलं असतं, तर काकूंनी विचारलं असतं, "मग मास्तर का भिजले?"

इकडे सासूबाई मागच्या दाराशी आल्या.

"काय रे झालं?"

"माझे कवी गेले, आई. माझे गुरू."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "गुरू गेले म्हणजे तीन दिवसांचं सुतक. देवांना हात लावू नकोस."

"आई, ते आयर्लंडचे. आपल्याला कसलं त्यांचं सुतक?"

"का? गुरुपौर्णिमेचं फूल घेत होता ना तो? फूल घ्यायला गुरू आणि सुतकाला परका?"

हे कुडकुडत उभे होते. एवढी इंग्रजी शिकलेला माणूस. "बरं," म्हणाले, कपडे बदलले आणि शोकसभा ठरवायला वाचनालयात गेले.

ते गेल्यावर वन्सं माजघरातून आल्या. उद्यासाठी शिकेकाईने केस धुतलेले, पाठीवर मोकळे.

"वहिनी, सुतकात मुलगी दाखवत नाहीत ना?"

मी भांडी पालथी घालत राहिले.

"ती माणसं निघालीसुद्धा असतील. आता आली की दारातूनच परत जातील. आणि मग 'कळवू'." त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता दाराआड गेल्या. त्या परत बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, धूर गेला. चूल तर पेटलेली नव्हती.

रात्री मी ह्यांना आठवण केली. "उद्या आंजर्ल्याचे यायचेत." हे "हो, हो" म्हणाले आणि भाषण लिहीत राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, तिथून परस्पर सभेला.

मंडळी आली ती दुपार कलताना. मुलाचे वडील, उंच, उन्हाने रापलेले. आणि त्यांची थोरली बहीण, मुलाची आत्या, केस पांढरे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बंदरापासून दोघं चालतच आली होती. ती अंगणात पाऊल टाकताहेत तोवर गडग्यापलीकडून काकूंची हाक आली, "पुढे जाऊ नका हो, घरात सुतक आहे!"

दोघं तुळशीशी थबकली. सासूबाई ओटीच्या पायरीवर आल्या.

"आम्हांला काही कळलं नव्हतं," मुलाचे वडील म्हणाले. "कोण वारलं?"

"माझ्या मुलाचे गुरू."

"अरेरे. मग आम्ही निघतो. पुन्हा कधी जमतंय ते कळवू."

मी दाराआड उभी होते आणि माझ्यामागे वन्सं. 'कळवू' ऐकलं तसा त्यांनी माझा पदर मुठीत धरला. आत्या मात्र पायरीवर बसल्या.

"तू उभा राहा हवं तर. मी बंदरापासून चालत आल्ये, माझे पाय भरून आलेत." मग सासूबाईंकडे वळल्या. "कुठले हो हे गुरू?"

सासूबाईंना कवीबद्दल जानव्याच्या पलीकडे काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "ते आमच्या सुनेला विचारा. ती रोज त्याचं पुराण ऐकते. अगो, ये बाहेर."

मी बाहेर आले ती ओटीच्या खांबापाशी थांबले. पुढचं सगळं मी त्या खांबालाच सांगितलं.

"आयर्लंडचे," मी म्हटलं.

"हे कुठं आलं?" वडिलांनी विचारलं. "दाभोळच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे."

ह्यात खोटं काही नव्हतं.

"घरचं काय होतं? शेतीवाडी?"

"नारळाचं आगर होतं."

हे मी का बोलले? माझ्या तोंडून ते कसं आलं हे मला आजही सांगता येणार नाही. आंजर्ल्याचा माणूस विचारतो आहे, त्याला घराणं चांगलं वाटावं, एवढंच मनात आलं असेल. वडिलांनी मान डोलावली. त्यांचं कवीबद्दलचं मत तिथे सुधारलं.

"मुलंबाळं?" आत्यांनी विचारलं.

"लग्न नाही केलं."

"का गो?"

आणि मग काय झालं कोण जाणे. इतकी वर्षं मी तांदूळ निवडत ऐकलं होतं आणि मला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. मी बोलत सुटले. त्यांच्या गावची माणसं कशी बोटीत बसून अमेरिकेला जात, तिकडे मुलीसुद्धा जात. एक मुलगी कवींच्या मनात होती, तीही गेली. ते किनाऱ्यावर उभे राहिले. मग म्हाताऱ्यांजवळ बसून गोष्टी ऐकू लागले. गावाने बोलणं टाकलं—

"वहिनी, ते नंतर," मागून आवाज आला. "आधी विहिरीची कविता."

वन्सं बाहेर आल्या होत्या. केस मोकळेच, लुगडं घरातलं, माझा पदर अजून मुठीत. आपण दाखवायची मुलगी आहोत हे त्या विसरल्या होत्या बहुतेक. मी चूक केली एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी ती कविता सांगितली. गावची विहीर, तिच्या दगडी कठड्यावर दोर घासून घासून पडलेल्या खाचा, आणि कवी एकेका खाचेत बोट घालून म्हणतो, ही कोणाची? ही जिची, ती आता कुठे पाणी भरते? वन्संनी ते असं सांगितलं की गडग्यापलीकडे काकू हातातलं पातेलं धरून उभ्याच राहिल्या. माझ्या 'छान'पेक्षा ते ऐकायला हे हवे होते. पण हे तिकडे सभेत.

"आमच्या विहिरीलाही आहेत तशा," मुलाचे वडील हळूच म्हणाले.

आत्या माझ्याकडेच बघत होत्या. "आणि ती मुलगी? ती आली का परत?"

ह्यांनी मला सांगितलं होतं, ती आली नाही. सगळ्या कविता त्यातूनच झाल्या. पण त्या बाईंनी विचारलं ते असं, की जणू सगळं पुराण त्यांनी एवढ्यासाठीच ऐकून घेतलं होतं.

"आली," मी खांबाला सांगितलं.

वन्संनी मला पाठीत चिमटा काढला.

आत्या गुडघ्यांवर हात ठेवून भावाकडे वळल्या. "सुतकात मुलगी बघत नाहीत, हे खरं."

"तेच म्हणतो मी. निघूया."

"पण समाचाराला यायला सुतकाची आडकाठी नसते. आपण मुलगी बघायला आलोच नाही. मास्तरांचे गुरू गेले, समाचाराला आलो. काय हो?" हे सासूबाईंना.

सासूबाई ह्यात काही चुकतंय का ते शोधत होत्या. "समाचाराला आलेल्यांनी पाणी घेऊ नये," शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही घेत."

"माझ्याकडे घ्या की!" काकू ओरडल्या. "माझ्याकडे कुठे सुतक आहे? पिठलं-भात तयार आहे, ह्या घरासाठीच केलेला!"

तर आयर्लंडच्या कवीसाठी रांधलेला पिठलं-भात आंजर्ल्याच्या पाहुण्यांनी काकूंच्या पडवीत बसून खाल्ला. गडग्याच्या अलीकडे वन्सं उभ्या, पलीकडून आत्या घास घेता घेता विचारताहेत, काय वाचतेस, स्वयंपाक येतो का, समुद्राची भीती वाटते का. मुलाचे वडील ताटाकडे बघत राहिले. जाताना सासूबाईंना म्हणाले, "मी मुलगी बघितली नाही हो. कानांनी ऐकली तेवढी." ह्या वेळी 'कळवू' म्हणाले नाहीत. "सुतक फिटलं की याद्या करायला या," म्हणाले.

संध्याकाळी हे आले. सभेला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी होती. हेडमास्तरांनी घड्याळ काढलं होतं. "ह्या गावात त्यांच्यासाठी हळहळणारं एक माणूस नाही," हे म्हणाले.

मी सगळं सांगितलं. मंडळी आल्याचं ऐकून ह्यांनी कपाळावर हात मारला. नारळाच्या आगराला हे खूप हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी शेवटचं सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं.

"ती आली नाही. ती आली असती तर त्यांनी एवढं लिहिलंच नसतं."

"मग आली असती तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी कविता झाली नाही. मला वाटलं, मी बोलले ते ह्यांच्या मनाला लागलं. निदान एकदा तरी आपल्या तोंडून काही लागण्यासारखं निघालं. पण ते तसं नव्हतं. कोटासकट केलेल्या स्नानाने ह्यांना थंडी भरली होती. आठवडाभर सुंठीचा काढा द्यावा लागला.

वन्संचं लग्न वैशाखात झालं. पुढे त्यांच्या मुलाच्या बारशाला मी आंजर्ल्याला गेले. तिथे मला वन्संनी सांगितलं ते आत्यांचं. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत त्यांचे यजमान जहाजावर नोकरीला लागून आफ्रिकेकडे गेले. पुढे ना माणूस, ना निरोप. लोकांनी पुष्कळ सांगितलं, आता कुंकू पुसा. त्यांनी पुसलं नाही. भावाच्या घरी राहिल्या आणि रोज सकाळी ते तेवढंच मोठं लावत राहिल्या.

बारशाच्या आदल्या दिवशी पडवीत आम्ही बायका फणस कापायला बसलो होतो. आत्या मधोमध, हाताला तेल लावून गरे काढत होत्या आणि गोष्ट सांगत होत्या.

"रत्नागिरीहून येताना दाभोळच्या पलीकडचा एक कवी होता. नारळाचं मोठं आगर होतं त्याचं."

"मुरुडचा असेल," एक बाई म्हणाली.

"असेल," आत्या म्हणाल्या. "शोभलं असतं त्याला."

मग सगळं आलं. बोट आली, विहीर आली, खाचा आल्या. म्हाताऱ्यांच्या गोष्टींच्या जागी आत्यांनी आपल्याच ओळखीच्या दोन म्हाताऱ्या घातल्या होत्या. हे तिथे असते तर ह्यांनी दर वाक्याला हात वर केला असता. मी खाली मान घालून आठळ्या वेगळ्या करत होते. बरोबर करावं असं मनात आलं, पण पंधरा बायकांसमोर मी काय बोलणार? आणि बोलून तरी, आगर कोणी घातलं होतं?

"आणि मग खूप वर्षांनी ती परत आली," आत्या म्हणाल्या. त्यांचे हात थांबले. "होय ना गो? तूच सांगितलंस."

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. जवळपास खांब नव्हता.

"हो," मी म्हटलं. "आली."

आवाज जरा मोठाच निघाला. आतल्या खोलीत बाळाला थोपटणाऱ्या वन्सं हसलेल्या मला ऐकू आल्या. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण दोन्ही हात फणसाच्या चिकाने भरलेले, पदर ओढून घेता येईना. तशीच बसून राहिले.